एकीला सोडलं, एकीला खाल्लं

मी एक जुनी, चार उन्हाळे पाहिलेली रणगोजा पक्षीण आहे. मित्रांनो, आमची जात घरटं बांधते ते फक्त सायप्रस बेटावर. हिवाळ्याला समुद्र ओलांडून आफ्रिकेत जायचं आणि वसंतात परतायचं. जीव मूठभर, पण कोणाचं ऐकून घ्यायची मला सवय नाही.

माझा जन्म हाम्बूआजीच्या गोठ्याच्या भिंतीत झाला. माझी पिल्लंही तिथंच वाढली. "आली गं माझी पाहुणी!" म्हणत आजी मांजराला केरसुणीनं हाकलायची. तेव्हा तिचं कौतुक वाटे. आता नुसती शिसारी येते.

गेल्या शरदात तिचा मुलगा पिएरीस यानं पाखरं धरायला डाळिंबाच्या झाडांत काड्या खोचल्या. भोकराचा चीक उकळून त्यांना माखलेला. माझी लेक त्याच उन्हाळ्यातली, पहिल्यांदाच समुद्र ओलांडणार होती. ती बसली ती चिकटलीच. तिला सोडवायला झेपावले आणि मीही अडकले. काय तो आंबूस, बुळबुळीत चीक! शी!

सकाळी आजी आणि पिएरीस टोपली घेऊन आले.

"आई, आज ताट भरेल बघ."

"थांब मेल्या! ही तर माझ्या भिंतीतली. हिला खाशील?"

"पाखरू ते पाखरू. तुझी काय सून लागते?"

"सुनेपेक्षा बरी आहे. वेळेवर येते, वेळेवर जाते."

आजीनं माझा पंख तोंडात धरला आणि थुंकीनं चीक सोडवला. लसणाचा भपकारा, किडके दात! पण सुटले. दोन पिसं मात्र काडीलाच राहिली.

मी लेकीभोवती ओरडत घिरट्या घातल्या. तिच्या अंगावर अजून पोरवयाची मातकट पिसं होती.

"ही कोण? ही नाही बाई आपली," म्हणत आजीनं अंगठ्यानं तिची मान मोडली.

दुपारी त्यांनी सगळी पाखरं उकडून हाडांसकट चावली. बोटं पावानं पुसत आजी शेजारणीला सांगत होती, "आज एका पाखराचा जीव वाचवला मी."

"पुण्यवान गं तू, हाम्बू!"

त्याच संध्याकाळी मी अपुऱ्या पंखांनी एकटीच समुद्रावर निघाले.

मित्रांनो, ओळखीच्या पाखराला सोडून मोठेपणा मिरवू नका. तुम्हाला अनोळखी असलेलं पाखरूही कुणाचं तरी पोटचं असतं. काड्याच लावू नका.