गोष्टीतला सुतार

माझ्या पुस्तकातला नवरा सुतार आहे. घरातला न्हावी. एवढा फरक सोडला तर बाकी सगळं जसंच्या तसं: त्याचं पिणं, माझं धुमसणं, हात थरथरायला लागल्यावर एकेक करून पांगलेली गिऱ्हाइकं. कथा-कवितांचं ते पुस्तक छापून आलं, तेव्हा त्याची बाटली सुटून दुसरं वर्ष सरत होतं. जुनं उकरलं आणि हा पुन्हा प्यायला बसला तर? म्हणून मी प्रती कपाटात जाड पांघरुणांखाली दडपल्या आणि घरात चकार शब्द काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज सकाळी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, तुझं पुस्तक दादाच्या सलूनमध्ये आहे. गिऱ्हाइकं वाचतायत."

"कुठल्या दादाच्या?" मी विचारलं. जसे काही तिला दहा दादा होते.

परवा पांघरुणं उन्हात घालायला यानेच काढली होती, ते तेव्हा आठवलं आणि मी तशीच निघाले. दुकान दोन गल्ल्या सोडून आहे. वाटभर मी मनातल्या मनात भांडत गेले, आधी त्याच्याशी, मग नणंदेशी, शेवटी स्वतःशी. लिहायचा शहाणपणा सांगितला होता कुणी?

दार ढकललं. खुर्चीत पोस्टमन, गालभर फेस आणि गळ्याशी नवऱ्याचा वस्तरा. बाकावर फाटक्या मासिकांच्या ढिगाशेजारी बेकरीवाला माझं पुस्तक घेऊन बसला होता.

"काय बाई आहे ही!" तो पानातून मान वर न काढता म्हणाला. "एवढं होऊन नवऱ्याला सोडत कशी नाही?"

"मलाही तेच कोडं आहे," नवरा म्हणाला. त्याने मला आरशात पाहिलं होतं.

मला खरं तर माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "चोरून वाचलंस ना?"

"तू चोरून लिहिलंस. फिट्टंफाट." त्याने वस्तरा पुसला. "पण मला सुतार का केलंस?"

"तुझीच अब्रू झाकायला!"

"अगं, सुताराचा हात थरथरला तर फळी वाकडी कापली जाते. माझा थरथरायचा, तेव्हा हाताखाली माणसाचा गळा असायचा. मी त्या भीतीने सोडली. ती भीती तुझ्या गोष्टीत आलीच नाही."

पोस्टमन खुर्चीत ताठ झाला.

"तुम्ही बसा हो निवांत, जुनी गोष्ट आहे," नवरा त्याला म्हणाला आणि पुन्हा माझ्याकडे वळला. "पुढच्या आवृत्तीत न्हावी कर मला. इथे येईल त्याला मी सांगतोच, तो सुतार मीच म्हणून. आणि एखाद्याचे हात माझ्यासारखे दिसले, तर त्याला पुस्तक घरी नेऊ देतो."

"मी नेऊ?" बेकरीवाल्याने हळूच विचारलं. पुस्तकाची कड त्याच्या बोटांत हलत होती, ते मला तेव्हा दिसलं. नवऱ्याने नुसती मान डोलावली. मला त्याचा इतका अभिमान वाटला की भांडायचं राहूनच गेलं.

पोस्टमन गाल चोळत निघून गेला. नवऱ्याने कापड झटकलं.

"कविताही वाचल्या," तो म्हणाला. "ती मानेवरच्या केसांची."

पूर्वी माझ्या मानेवरचे केस तोच कापायचा. हात थरथरायला लागले तशी मी दुसरीकडे जाऊ लागले, आणि घरीच कापते म्हणून थाप मारली. पिणं सुटल्यावरही त्याने विचारलं नाही, मी म्हटलं नाही. तोंडाने जमेना म्हणून कविता लिहिली होती.

"बसतेस?" त्याने खुर्ची माझ्याकडे फिरवली. त्याचा आवाज कापत होता. मी हाताकडे बघितलं. कात्री स्थिर होती.

"आता माझा नंबर आहे," बेकरीवाला म्हणाला. मग आमच्याकडे बघून परत पुस्तकात शिरला. "असू दे, असू दे. माझं अजून वाचून व्हायचंय."

मी खुर्चीत बसले, चष्मा काढून नवऱ्याच्या हातात दिला आणि मान खाली घातली.