सत्तरच्या वर नाही

डिस्क बदलून आलेला लॅपटॉप कातोंगोने उघडला, आणि पडद्याच्या वरची पट्टी गेलेली त्याला दिसली. वेळ, वार आणि बॅटरी दाखवणारी ती बारीक पट्टी त्याच्या बायकोने, मवान्साने बसवली होती. मवान्साला जाऊन सात महिने झाले होते. त्याने झाकण मिटलं आणि तिच्या मैत्रिणीला, नामुकोलोला फोन केला. दोघी किट्वे शहरातल्या एकाच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या.

नामुकोलो शनिवारी सकाळी आली.

"हे आयतं घेत नाहीत, भाऊजी. सोर्स कोड आणायचा, इथेच बांधायचा. सेटिंगसुद्धा कोडातच."

"म्हणजे वेळ लागणार. चहा ठेवतो."

"पाणी उकळायच्या आत होईल. शेंगा असतील तर आणा."

मध्ये एका लायब्ररीवाचून, म्हणजे आधी लागणाऱ्या तयार कोडावाचून, काम अडलं. तिने ती बसवली आणि पुन्हा चालवलं. शेगडीवरची किटली अजून गप्पच होती, तोवर पट्टी उमटली. बॅटरी १००.

"चुकलं," कातोंगो म्हणाला. "रात्रभर चार्ज केली तरी ही म्हातारी सत्तरच्या वर जात नाही."

"दिसतेय तर शंभर."

"सहा वर्षं बघतोय मी. वीस दिसले की लगेच चार्जरला लावतो. म्हणून तर वीज गेली की अख्ख्या गायनमंडळात माझाच चालू असतो. सगळ्यांना सांगतो, शिस्त लागते."

"माहितीये. मवान्सा ते सांगताना फार हसायची."

"हसायची? कशाला?"

तिलाही ते माहीत नव्हतं. कातोंगोने मवान्साच्या शिवणाच्या डब्यातून पेनड्राइव्ह आणला. त्यात तिने बदललेला कोड होता. नामुकोलो वाचत खाली गेली, थांबली, आणि तिने पडदा त्याच्याकडे वळवला.

बॅटरीच्या ओळीच्या शेवटी 'वजा ३०' होतं. पुढे मवान्साची टीप होती: कातोंगोला सांगू नये.

त्याने ती दोनदा वाचली. मग तो असा हसला की ओंजळीतल्या शेंगा टेबलभर सांडल्या.

"म्हणजे वीस दिसायचे तेव्हा खरे पन्नास! आणि मी लोकांना शिस्त शिकवतोय."

"हीच बांधते. वजा तीस काढू?"

"असू दे. नंतर बघू."

किटली उकळायला लागली तेव्हा पट्टीवर ७० होते.

याला तीन महिने झाले. वीस दिसले की कातोंगो अजूनही चार्जर शोधत उठतो. ते वजा तीस काढायचं राहिलं आहे, आणि गायनमंडळाला खरं सांगायचंही.