अर्धलीची करडं

“उज्ज्वलाताई, त्या वस्तीवर माणसांपेक्षा शेळ्या जास्त कशा झाल्या?” ऑफिसातून जीवनसर फोनवर खेकसले. “दुबार मोजल्यात तुम्ही. एका घरच्या खोडा आणि आजच पाठवा.”

माझं डोकंच सणकलं. उन्हात फिरायचं मी आणि बोलणीही मीच खायची! पण चूक माझीच होती. एखाद्या वाईट वर्षात कोण आधी आडवं होईल, शेतीवाले, ऊसतोडवाले, दुकानदार की जनावरांवर जगणारे, याची पाहणी आम्ही जिल्हाभर करत होतो. तेलगावजवळच्या या वस्तीवर दगडाबाईंनी चार शेळ्या सांगितल्या आणि शेजारच्या सुनितानंही चार. मी आठ लिहून मोकळी. पण शेळ्या त्याच चार, अर्धलीनं दिलेल्या होत्या: मालकी दगडाबाईंची, राखण सुनिताची, करडं निम्मी-निम्मी. माजलगावात वाढलेल्या बाईला हे कळू नये?

मुकाट्यानं वस्तीवर परत गेले. “सुनिता, तुझ्या घरच्या शेळ्या खोडाव्या लागतील गं.”

तिचं तोंड एवढंसं झालं. “म्हंजी आमच्या घरी काहीच न्हाई? मग शेरडांच्या शेडची मदत बी गेली की, ताई.”

ही मदत पाहणीत स्वतःची जनावरं नोंदलेल्यांनाच मिळणार होती. शेड झालं तर ती शेरडं वाढवून, कापूस वेचून गावातच राहणार होती. नाहीतर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणं ठरलेलं, आणि लेकीची, आरोहीची, शाळा पुन्हा अर्ध्यावर तुटणार. मला फार वाईट वाटलं.

“खोडायचं कावून?” ओट्यावरून दगडाबाई कडाडल्या. “दिवाळीची वाटनी आत्ताच करू. मग हिची करडं हिच्या नावानं लिव्ह तू!”

रीत अशी की मालकिणीनं वाटे पाडायचे आणि राखणारीनं आधी उचलायचं. दगडाबाईंनी तीन बोकड एका बाजूला बांधले, तीन पाटी, म्हणजे मादी करडं, दुसऱ्या बाजूला. म्हातारी मोठी बेरकी! बोकड कसे टंच भरलेले, आणि त्या माद्या अजून अंगानं किरकोळ.

सुनिताचा नवरा बजरंग तिच्या कानाशी लागला. “बोकड घी. दिवाळीला लगेच इकत्यात. तोडीच्या मुकादमाला बी आज सांगायचंय, येतो का न्हाई ते.”

सुनिता दोन्हीकडं बघत राहिली. मग ती सरळ गेली आणि पाटींची दावी सोडली.

“अगं, येडी का तू? व्यायला येतील तवर वरीस जाईल,” बजरंग म्हणाला. “तवर राखनार कोन?”

“मी. हितंच राहून.”

“घी, घी!” दगडाबाई हसत सुटल्या. “माझा डोळा त्यांच्यावरच व्हता, भवाने! म्हनलं, ही बोकडाला भुलंल.”

बजरंगनं खिशातून मोबाइल काढून फोन लावला. “मुकादम, राम राम. यंदा आमची जोडी धरू नका... न्हाई, दोघं बी येत न्हाईत... न्हाई म्हनलं ना.”

मी सुनिताच्या घरी तीन शेळ्या लिहिल्या. लिहिताना डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? तोवर बजरंग कोयता घेऊन बांधाच्या बाभळीवर चढला होता. आरोही खाली उभी राहून करडांसाठी कोवळा पाला गोळा करत होती.