छपरावरच्या म्हाताऱ्याचे पुढे काय झाले

मित्रांनो, आधी माझी पाठ बघून घ्या. पडद्याच्या जाड निळ्या दोऱ्याने शिवलेली कादंबरी तुमच्या पाहण्यात दुसरी नसेल. टाके सारखे आहेत, शिवण सरळ आहे. पण कापड शिवणाऱ्या हातांनी कागद शिवला की जे व्हायचे तेच झाले आहे. मी मध्यावर नीट मिटत नाही. ही शिवण माझ्या पाठीवर कशी पडली, हेच माझे चरित्र.

मी वणव्यावरची थरारक कादंबरी. मुखपृष्ठावर ज्वाळा आहेत आणि उंच टाचांच्या चपला घालून पळणारी एक तरुणी आहे. ती आतल्या एकाही पानावर भेटत नाही. तिला का काढलीस, असे लेखकाने चित्रकाराला विचारले नाही. तुम्ही वणवा कधी पाहिलात, असे प्रकाशकाने लेखकाला विचारले नाही. त्याने तो पाहिला नव्हताच. माझ्यातली झाडे त्याच्या सोयीने पेटतात, आणि वारा दर प्रकरणाच्या अखेरीस आज्ञाधारकपणे दिशा बदलतो. मी एवढ्या जवळून स्वतःला ओळखते, म्हणून सांगते.

छापून झाले, बांधून झाले, आणि मी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान शहराच्या वाचनालयात येऊन पडले. माझ्या फळीवर बर्फाचे वादळ होते, बुडती पाणबुडी होती, भूकंपही होता. पण मागणी माझी. ती पुन्हा भर उन्हाळ्यात. बाहेर झाडे वाळून कडकडीत झालेली असायची आणि लोक घरात पंखा लावून, बादलीत पाय सोडून माझ्यातली आग वाचायचे. बँकेतला एक कारकून मला खणात ठेवून वाचत असे. रांगेतल्या माणसाने खोकला काढला की खण बंद. हिरो नदी ओलांडेपर्यंत रांग हलायची नाही.

वाचनालयवाले काका तसे गरीब स्वभावाचे, पण एका बाबतीत कडक होते. 'शांतता राखा' या पाटीखाली त्यांनी दुसरी पाटी लावली होती: 'शेवट सांगू नये'. पहिली पाटी कोणी पाळत नसे. दुसरी मात्र सारे गाव पाळायचे. एका मास्तरांनी पाणबुडीचा शेवट फोडला, तेव्हा काकांनी त्यांना महिनाभर फक्त बागकामाची पुस्तके दिली.

अशा कौतुकात वर्षे गेली. मग माझा डिंक सुटू लागला, पाने निसटू लागली, आणि काकांनी मला दाराशी, 'हवे त्याने न्यावे' अशा खोक्यात टाकले. कौतुकाचे असेच असते. ते नव्या बांधणीला मिळते. खोक्यातून मला उचलले ते एकदम दोन हातांनी, आणि ते हात एकमेकांचे नव्हते.

"मी आधी धरलं," धाकटी म्हणाली.

"आणि मी आधी पाहिलं," थोरली म्हणाली.

या दोघी सख्ख्या बहिणी. थोरली पडदे आणि खुर्च्यांची कव्हरे शिवायची. वडिलांनी बांधलेल्या घराच्या खालच्या मजल्यावर तिचे मशीन होते आणि तिचा संसार म्हणजे तेवढेच. धाकटी औषधांच्या दुकानात कामाला. ती वरच्या खोलीत राहायची. दिवसभर एकमेकींच्या चुका काढल्याशिवाय दोघींना जेवण जात नसे. थोरली धाकटीला 'छोटे' म्हणायची. छोटीचे केस पांढरे झाले होते, ही गोष्ट ताईच्या हिशेबात धरलेली नव्हती.

धाकटी भराभर वाचणारी. दोन संध्याकाळींत ती निम्म्यावर पोचली. थोरली दाराशी उभी.

"झालं का?"

"अगं, निम्मं तर व्हायचंय."

"मग झालेलं निम्मं दे ना. त्याचं तू आता काय लोणचं घालणार आहेस?"

धाकटी हसली, आणि हसली तिथेच फसली. थोरलीने कापडाची मोठी कात्री आणली, मला मशीनवर पालथे घातले आणि बरोबर मधोमध कापले. दुखले का, असे विचाराल, तर तेवढे नाही. चमत्कारिक मात्र वाटले. माझा पुढचा अर्धा भाग वर गेला. मी, म्हणजे माझा पहिला अर्धा भाग, खाली राहिले. त्या घडीपासून मला स्वतःचाच शेवट माहीत नव्हता.

कात्री पडली ती जागा अशी: निवृत्त इंजिनचालक असलेला एक म्हातारा आपल्या घराच्या छपरावर पाण्याचा पाइप घेऊन उभा आहे. आग कुंपणाशी आली आहे. सगळे त्याला खाली बोलावतात. तो म्हणतो, "मी गेलो तर या घरावर पाणी कोण मारणार?" इथे प्रकरण संपते, आणि आता मीही.

थोरली सावकाश वाचणारी. एका पडद्यामागे एक पान. पण म्हातारा तिच्या मनात भरला. त्या वाक्याखाली तिने शिवणाच्या खडूने रेघ ओढली आणि मला पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले. मी अर्धी असूनही फुगले. दोनच आठवड्यांत तिने नवा रबरी पाइप आणला आणि छपरावरच्या टाकीला जोडून ठेवला.

"हे काय?" धाकटीने विचारले.

"असू दे. रान बघ किती वाळलंय."

"ताई, ते पुस्तक आहे."

"तुझा अर्धा भाग संपला ना? मग गप्प बस. पुढचं एक अक्षर बोललीस तर बघ."

"माझे ओठ शिवून टाक हवं तर. मशीन आहेच."

धाकटीने खरोखरच चकार शब्द काढला नाही. माझा दुसरा अर्धा भाग तिने आपल्या पर्समध्ये ठेवला. ताईचे वाचून झाल्याशिवाय तो द्यायचा नाही, असा तिचा बेत होता, आणि त्यातली मजा ती पुरेपूर घेत होती.

मग एका दुपारी वारा सुटला. आकाश चहाच्या रंगाचे झाले. डोंगरावरून धूर खाली उतरला आणि त्याच्यामागून आग. मित्रांनो, मी वणव्यावर जन्मभर बोलत आले, पण त्याचा आवाज मला त्या दिवशी कळला. माझ्यात तो गर्जना करतो. खरा वणवा कोणीतरी न थांबता कापड फाडत असल्यासारखा वाजतो. आणि वाऱ्याने दिशा काही बदलली नाही.

अग्निशमन दलाची जीप भोंग्यावरून सांगत फिरली: घरे सोडा, शाळेच्या मैदानावर या, बस उभ्या आहेत. धाकटी दुकानातून धावत घरी आली. थोरली छपरावर होती. अंगात एप्रन, हातात पाइप, आणि एप्रनच्या खिशात मी. पत्र्यावर पाणी पडले की वाफ उठत होती. दाराशी एक जवान उभा होता. तो ओरडून ओरडून दमला होता.

"तुमच्या कोण?" त्याने विचारले.

"ताई."

"मग तुम्हीच बघा. मला पुढची गल्ली आहे. शेवटची बस सुटतेय."

धाकटी शिडी चढून आली.

"ताई, उतर."

"तू हो पुढे. मी येते."

"येते म्हणजे? ते कुंपण पेटलंय!"

"म्हणून तर! मी गेले तर या घरावर पाणी कोण मारणार?"

धाकटीने हे वाक्य ओळखले. तिची नजर खिशाकडे गेली, माझ्याकडे. मी तरी काय करणार? मला तेवढेच माहीत होते. माझ्या हिशेबाने म्हातारा अजून छपरावर ताठ उभा होता.

"बाबांनी बांधलंय हे," थोरली म्हणाली. "तो इंजिनवाला पळाला का?"

धाकटीने पेटत्या कुंपणाकडे पाहिले. मग म्हणाली, "तो मरतो, ताई."

थोरली गर्रकन वळली. पाइप वळला तशी धाकटी नखशिखांत भिजली.

"काय म्हणालीस?"

"मरतो. पाइप उन्हात ठेवलेल्या मेणासारखा वितळतो. छप्पर खाली येतं, त्याच्यासकट. पुढच्या प्रकरणात फक्त चष्मा सापडतो."

"सांगितलंस!" थोरलीच्या हातून पाइप सुटला. "सांगितलंस ना शेवटी! अगं भवाने, इतके दिवस मी एकेक पान पुरवून पुरवून वाचतेय, आणि तू… थांब, खाली ये, थांब तू!"

धाकटी थांबली नाही. ती शिडी उतरली, पळाली, आणि थोरली तिच्या मागे, बोलत. दारातून बोलत, गल्लीतून बोलत, बसच्या पायरीवर बोलत. बस सुटली तरी तिचे चालूच. "म्हाताऱ्याला मारलंन गं! सरळ मारून टाकलंन!" पुढच्या बाकावरच्या एका बाई हळहळून वळल्या.

"कोण गेलं हो?"

"इंजिनवाला."

"अरेरे. घरातले होते?"

"घरातलेच म्हणायचे," थोरली म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. त्यात धूर किती आणि म्हातारा किती, हे मला सांगता येणार नाही.

शेजारच्या गावात खेळांच्या एका मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांची सोय झाली होती. थोरली धाकटीशी बोलत नव्हती, पण गादी तिच्या शेजारीच टाकली होती. दोन दिवसांनी तोच जवान आला. भुवया जळलेल्या, आवाज बसलेला.

"खालचा मजला राहिलाय," तो म्हणाला. "वरचा गेला. छप्परच खाली आलं. तुमचा तो पाइप पत्र्याला चिकटून बसलाय नुसता."

वरचा मजला म्हणजे धाकटीची खोली. तिने एवढेच विचारले, "खालचं मशीन आहे का?"

थोरलीने तिच्याकडे पाहिले. मग म्हणाली, "छोटे, अगदी पुस्तकातल्यासारखं गं. पाइप, छप्पर, सगळं. काय जाणकार लेखक आहे! दे बघू तो अर्धा भाग."

"नको वाचूस."

"का?"

"आता शेवट कळलाय. काय मजा?"

"दे म्हणते ना."

धाकटी चहाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांग मोठी नव्हती, पण दोनदा तिने मागच्याला पुढे जाऊ दिले. इकडे थोरलीने तिच्या पर्समधून माझा दुसरा अर्धा भाग काढला आणि मला शेजारी ठेवले. कापल्यापासून पहिल्यांदाच मी स्वतःच्या इतक्या जवळ आले होते. ती वाचत गेली आणि तिच्याबरोबर मलाही कळत गेले.

वारा दिशा बदलतो. पाऊस येतो. म्हातारा छपरावरून उतरतो आणि आपल्या कुत्र्याला मांडीवर घेऊन सूप पितो. चष्मा त्याच्या नाकावर असतो.

थोरलीने ते पान दोनदा वाचले. धाकटी दोन कप घेऊन आली.

"छोटे, चष्मा कुठे सापडतो म्हणालीस?"

धाकटीने कप खाली ठेवले.

"हा तर सूप पितोय," थोरली म्हणाली.

"हो."

"कुत्र्यासकट."

"हो."

"म्हणजे तू शेवट सांगितलाच नव्हतास."

"नाही."

थोरलीने पुस्तक मिटले. कप उचलला, एक घोट घेतला, आणि दुसरा कप धाकटीच्या हातात दिला.

"बसमध्ये मी तुला एवढं बोलले, ते सगळं फुकट गेलं म्हणायचं."

"असू दे. पुढच्या पुस्तकाला वापरू."

"लेखकाला काही कळत नाही," थोरली म्हणाली. "तुझाच शेवट बरा होता."

घरी परतल्यावर धाकटी खाली राहायला आली. जागा कमी आणि बोलणे तेवढेच, म्हणजे दाटी झाली. पहिल्याच दिवशी थोरलीने मशीनला न लावता, सुईने, हाताने मला शिवले आणि वाचनालयात नेऊन दिले. काकांनी माझी पाठ फिरवून फिरवून पाहिली, काय झाले ते ऐकून घेतले, आणि मला पुन्हा फळीवर ठेवले. दोघींपैकी कोणालाही त्यांनी बागकामाचे पुस्तक दिले नाही.

तर मित्रांनो, पुस्तके कापू नका, हे सांगायला मी आहेच. पण माझे एवढ्यावर समाधान नाही. मी हातात घेतली की आपोआप एकाच जागी उघडते. म्हातारा छपरावर उभा असतो, आग कुंपणाशी आलेली असते, आणि मध्ये हा निळा दोरा आडवा येतो. पान उलटायला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात खालून तुम्हाला कोणी हाक मारते आहे का, तेवढे ऐकून घ्या.