क्रूसाजवळचा पिंजरा

देवावर ज्याचा पूर्ण विश्वास आहे त्याला या जगात कशाचंही भय नाही, असं प्लासिडकाकांनी मे महिन्याच्या पहिल्या रोझरीला, म्हणजे मरियामातेच्या जपमाळेच्या प्रार्थनेला, गावच्या क्रूसापाशी उभं राहून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गावात बिबट्या आला.

म्हणजे केळीच्या वाडीत कोणाला तरी शेपूट दिसलं. वन खात्याने क्रूसाशेजारी लोखंडी पिंजरा आणून ठेवला, त्याच्या मागच्या कप्प्यात एक कोंबडी सोडली, समोरच्या झाडाला कॅमेरा बांधला आणि दिवेलागणीनंतर कोणी बाहेर पडू नका, असं वनरक्षक संग्राम घरोघर सांगून गेला.

गावाने ठरवलं, मे महिन्याची रोझरी मोडायची नाही. ज्याने त्याने आपल्या खिडकीतून उत्तर द्यायचं. क्रूसापाशी मेणबत्ती लावून प्रार्थना सांगायला एक माणूस पुरे. तो कोण, यावर चर्चाही झाली नाही.

काकांची सगळी नोकरी विजेचे मीटर वाचण्यात गेली होती आणि त्यातली निम्मी दारोदारच्या कुत्र्यांना भिण्यात. गुडघा आज जरा धरलाय, असं त्यांनी घरी बोलून पाहिलं.

"देव हाय ना तुमच्यासंगं," मासे साफ करता करता त्यांची बायको क्लेमेंटीन म्हणाली. "सगल्या गावाला सांगून आलात. आता जा. छत्री न्या पायजे तर."

काका छत्री घेऊन गेले. त्यांनी 'नमो मरिया' सुरू केलं की पुढचं अर्धं खिडक्याखिडक्यांतून परत येई. शेजारची व्हेरोनिका तर माडीवरून सगळ्यांच्या वर सूर लावत होती. फक्त त्यांच्या स्वतःच्या घरातून काही ऐकू येईना. काकांना लागलं ते. नवरा वाघाच्या तोंडी, आणि ही टीव्हीपुढे.

रोझरी अर्ध्यावर आली आणि क्रूसामागच्या कण्हेरीत काहीतरी हललं.

काका थांबले नाहीत. थांबले असते तर गावाला कळलं असतं. देवा, वाट दाखव, असं त्यांनी दोन ओळींच्या मध्ये अगदी मनापासून म्हटलं. मेणबत्तीच्या उजेडात त्यांना पिंजऱ्याचं उघडं दार दिसलं.

ते आत गेले. फळीवर पाय पडला, दार धाडकन खाली आलं, कोंबडी किंचाळली. पुढचं 'नमो मरिया' त्यांनी इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं की खिडक्यांतले लोक चपापले. काकांवर आज पवित्र आत्मा उतरलाय, असं व्हेरोनिकाने तिथल्या तिथे जाहीर केलं. सगळी प्रार्थना कुठेही न अडखळता पार पडली. मग काकांनी हळू आवाजात संग्रामला फोन लावला.

जीप आली तसे लोक बॅटऱ्या घेऊन बाहेर पडले. संग्रामने आधी पिंजऱ्याचा फोटो काढला, नियमच होता, मग दार उचललं. देवाने आपल्याला हाताला धरून आत नेलं, असं काकांनी सगळ्यांना सांगितलं. ते ऐकून व्हेरोनिकाने पिंजऱ्यापुढे मेणबत्ती लावली. पदराला हात पुसत क्लेमेंटीनही आली.

"माज्यापासून हातभर लांब होता, क्लेमी," काका म्हणाले. "डोलं पाह्यलं मी त्याचं."

संग्राम झाडावरचा कॅमेरा उघडून बघत होता. "बिबट्या नाही काका," तो म्हणाला आणि त्याने फोटो पुढे केला.

कण्हेरीमागे क्लेमेंटीन उकिडवी बसली होती. हातात कोयता. पाठ काकांकडे, तोंड वाडीकडे.

काकांनी फोटोवरून नजर क्लेमेंटीनकडे वळवली.

"हाक का नाय मारलीस?"

"रोझरी मोडली असती."

"आनि मी अडकलो तवा?"

"तुमी आत गेलात, दार पडलं. मंग कसली कालजी? मी घरी गेले. चुलीवर कालवन होतं."

कालवण करपलंच होतं.