सहा महिन्यांच्या सह्या

चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडवरच्या त्या खासगी विद्यापीठात तळमजल्यावरच्या एका खोलीला ‘विद्यार्थी यश व शैक्षणिक साहाय्य केंद्र’ अशी पाटी होती. पाटी दारापेक्षा लांब निघाल्यामुळं ‘केंद्र’ तेवढं भिंतीवर गेलं होतं. मुलं या खोलीला यशवाल्या मॅडमची खोली म्हणत. नापास झालेलीसुद्धा तसंच म्हणत, आणि तेही हसता हसता.

या यशवाल्या मॅडम म्हणजे डॉ. पद्मजा पैठणकर. मुळात वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई. सहा वर्षांपूर्वी कुलगुरूंनी बोलावून ‘तुम्हाला मुलांची कळकळ आहे’ असं म्हणत हे खातं गळ्यात मारलं. कळकळ होती हे खरंच. पण कळकळीलाही फायली लागतात हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आता तिला सत्तावन्न पूर्ण झाली होती, दुपारनंतर पाय सुजत होते आणि मूल्यांकन समिती बारा दिवसांवर आली होती. टेबलावर, खुर्चीवर, खिडकीत, पिण्याच्या पाण्याच्या माठाशेजारी अठराशे मुलांचे मेंटॉर-तक्ते गठ्ठ्यांनी रचून ठेवले होते. त्यांच्याकडं नुसतं बघूनसुद्धा ती दमत होती.

हा तक्ता तिच्याच डोक्यातून निघालेला. प्रत्येक प्राध्यापकाकडं तीस मुलं. महिन्यातून एकदा एकेकाला भेटायचं, बस म्हणायचं, कसं चाललंय ते विचारायचं आणि त्याची अडचण तक्त्यात लिहून खाली त्याची सही घ्यायची. सत्राच्या सहा महिन्यांचे सहा रकाने. पहिल्या वर्षी हे सगळं खरोखर झालं. पद्मजा स्वतः कँटीनमागच्या कडुनिंबाखाली मुलांना घेऊन बसायची, आणि तक्त्यात ‘चष्मा तुटला आहे, फळा दिसत नाही’ असलं काहीबाही लिहिलेलं असायचं. मग मागच्या खेपेला समिती आली आणि तिनं शेरा मारला, की तक्ते अपूर्ण आहेत. कुलगुरूंनी सगळ्यांसमोर विचारलं, “पैठणकर मॅडम, हे काय?”

त्याच आठवड्यात तिनं प्राध्यापकांची बैठक घेतली. फार बोलायची ताकद नव्हती. “सत्राच्या सुरुवातीलाच सहाही सह्या घेऊन ठेवा,” ती म्हणाली. “तारखा नंतर टाकू. आणि कुठलाही रकाना रिकामा ठेवू नका.” प्राध्यापकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. खरं सांगायचं तर तिनंही टाकला. तेव्हापासून अठराशे तक्ते वेळेवर येऊ लागले, अडचणीच्या रकान्यात सगळीकडं ‘काही नाही’ दिसू लागलं, आणि केंद्राला उत्कृष्ट उपक्रमाची ट्रॉफी मिळाली. ती ट्रॉफी आता गठ्ठ्यांवरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवली होती.

त्या दिवशी दुपारी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. निळा सलवार-कमीज, खांद्याला सॅक. आत येऊ का हे तिनं दोनदा विचारलं, कारण पहिल्यांदा पद्मजाला ऐकूच आलं नाही.

“रत्नमाला साळवे. बीएस्सी थर्ड इयर,” ती म्हणाली. “मॅडम, माझं नाव डिटेनच्या यादीत आलंय. परीक्षेचा फॉर्म घेत नायत.”

“हजेरी किती आहे?”

“अठ्ठावन्न टक्के.”

“पंच्याहत्तर लागते, माहितीये ना?”

“व्हय. पण माझी अठ्ठावन्न झाली हे यादी लागल्यावर कळलं. हजेरी बघायचं पोर्टल तर ऑगस्टपासून बंदच हाय.”

पद्मजानं कॉम्प्युटरवर तिची हजेरी काढली. सकाळी आठपासूनच्या पहिल्या दोन तासांना ऑगस्टपासून सलग गैरहजर. साडेनवाच्या तासापासून पुढं एकही दिवस चुकलेला नाही. आळशी मुलांची हजेरी अशी नसते, ती चाळणीसारखी कुठंही गळते. इथं एकच कोपरा स्वच्छ कापून नेल्यासारखा होता.

“आठच्या तासाला का येत नाहीस?”

“गाडीच साडेआठला आणती मला. देवगाव रंगारीहून पहिली गाडी सहाला निघती. मग स्टँडवरून सिटी बस. आधी मी मुकुंदवाडीत मावशीकडं राहायचे. जुलैच्या शेवटाला तिची लेक बाळंतपणाला आली. दोनच खोल्या. मावशी काय बोलली नाय, पण मलाच कळतंय की. मीच म्हणलं, गावाकडून येऊन-जाऊन करते.”

“हे कुणाला सांगितलं का नाहीस, बाळा?”

“कुणी इचारलंच नाय, मॅडम.”

तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं तिनं ते सांगितलं. पद्मजाला मात्र ते आत कुठंतरी लागलं, कारण हॉस्टेलमध्ये केंद्राच्या शिफारशीनं विनाशुल्क द्यायच्या आठ खाटा होत्या. तिनंच भांडून मिळवलेल्या. यंदा त्या आठही रिकाम्या होत्या. अडचण कुणाचीच नव्हती, मग शिफारस कुणाची करणार!

“वर्ष गेलं तर माझं काय नाय, मी पुन्हा देईन,” रत्नमाला म्हणाली. “पण धाकटी बारावीला हाय. घरी ठरलंय, एकीचं झालं की दुसरीनं शहरात यायचं. माझं वर्ष गेलं म्हंजी तिचं गेलं. ती एकदा घरी बसली की बसलीच. आमच्याकडं दोघी तशाच बसल्यात, चुलत बहिणी.”

पद्मजा उठली. पायात चप्पल घालायलाही तिला वेळ लागला. “तू इथंच बस,” ती म्हणाली आणि वरच्या मजल्यावर परीक्षा विभागात गेली.

परीक्षा विभागाचे प्रमुख केशव धर्माधिकारी म्हणजे गणिताचा माणूस. पंचवीस वर्षांची ओळख. नियमाबाहेर पाऊल टाकणार नाहीत, पण नियमात बसत असेल तर अर्ध्या रात्रीही मदत करतील, असा त्यांचा लौकिक होता.

“नियम अकरा,” पद्मजा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. “हजेरी कमी पडतेय याची सूचना विद्यार्थ्याला वेळेत मिळाली नसेल, तर सवलत देता येते. या रत्नमाला साळवेला कुणी सांगितलंच नाही, केशवराव.”

धर्माधिकारींनी शांतपणे ड्रॉवर उघडला आणि एक कागद तिच्यापुढं सरकवला. “सकाळी ती फॉर्म घेऊन आली तेव्हा मीच मागवून घेतला. तुमच्याच केंद्रातून.”

रत्नमालाचा तक्ता होता. सहा महिने, सहा भेटी, सहा सह्या. अडचण: काही नाही. हजेरीबाबत समज दिली: होय. होय. होय. खाली मेंटॉर हिमांशू कुलकर्णी यांची वळणदार सही.

“सहा वेळा सांगितलंय तिला, मॅडम. तुमचाच कागद म्हणतोय. मी तिला कुठल्या तोंडानं सवलत देऊ?”

पद्मजा कागदाकडं बघत राहिली. सहाही सह्या एकाच पेनाच्या, एकाच घाईच्या. तिला जूनच्या शेवटच्या आठवड्यात सह्या घेतल्या तेव्हाचं वाचनालय डोळ्यांपुढं दिसलं, ओळीनं बसलेली मुलं, पुढं सरकणारे कागद. मग तिची नजर सप्टेंबरच्या रकान्यावर थांबली. भेटीची तारीख होती चौदा.

“चौदा सप्टेंबरला रविवार होता,” ती म्हणाली.

धर्माधिकारींनी कॅलेंडर बघितलं नाही. त्यांना बहुधा आधीच माहीत होतं. “दार लावा,” ते म्हणाले, आणि तिनं दार लावल्यावर हळू आवाजात बोलले. “हे बघा, एका पोरीचा कागद खोटा म्हणालात तर अठराशे खोटे ठरतात. बारा दिवसांनी समिती येतेय. त्यापेक्षा तिला एखादं मेडिकल सर्टिफिकेट आणायला सांगा. सगळे तेच करतात. मी डोळे मिटून घेईन.”

वाट सोपी होती. पद्मजाला त्या क्षणी ती फार बरी वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. खाली जायचं, मुलीला कुठल्या तरी डॉक्टरचा पत्ता द्यायचा आणि घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडायचे. पण मग तिच्या लक्षात आलं, की खोट्या कागदानं अडलेल्या मुलीला आपण आणखी एक खोटा कागद आणायला धाडतोय. शिवाय आजारी नसलेल्या मुलीनं आजारी होते म्हणून सही करायची. सातवी सही.

जिन्यात तिनं हिमांशूला फोन केला. बिचारा आधीच घाबरला होता. “मॅडम, तुमचीच सूचना आहे असं सगळे म्हणाले, की तारखा नंतर टाकू. मी सगळ्यांच्या एका दमात टाकल्या, त्यात रविवार आला असेल. माझ्या नोकरीला अजून वर्ष नाही झालं हो.”

“तुमचं नाव येणार नाही,” पद्मजा म्हणाली. “मी सांगितलं होतं, ते मलाच आठवतंय.”

खाली येऊन तिनं पत्र लिहिलं. कॉम्प्युटरवर नाही, हातानं, म्हणजे कुणाकडून लिहून घेतलं असं नंतर वाटायला नको. ‘सोबत जोडलेल्या तक्त्यातील भेटी झालेल्या नाहीत. सर्व सह्या सत्राच्या प्रारंभी एकदम घेतल्या आहेत. तशी तोंडी सूचना प्राध्यापकांना मी दिली होती. सबब कु. रत्नमाला साळवे हिला कमी हजेरीची पूर्वसूचना मिळालेली नाही.’ चार वाक्यं लिहायला तिला पाऊण तास लागला. रत्नमाला समोरच्या बाकावर बसून डबा खात होती आणि मधूनच या बाई एवढं काय लिहितायत म्हणून मान वर करत होती.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणं झालं. कुलगुरूंनी बोलावलं. ते रागावले नाहीत, त्यांना फक्त फार वाईट वाटलं, आणि रागापेक्षा ते सोसायला जड गेलं. “बारा दिवस थांबता आलं नसतं का?” त्यांनी विचारलं. फॉर्मची मुदत परवा संपतेय, असं पद्मजानं सांगितलं. संध्याकाळपर्यंत दोन आदेश निघाले. पहिला, नियम अकराखाली रत्नमाला साळवे हिला परीक्षेस बसण्याची परवानगी. दुसरा, डॉ. पैठणकर यांची प्रकृती लक्षात घेऊन त्यांना केंद्राच्या कामातून मुक्त करण्यात येत आहे. उत्तर बरोबर आलेल्या गणिताकडं बघावं तसे धर्माधिकारी तिच्याकडं बघत होते.

आठवड्यानं पद्मजा आपलं सामान न्यायला केंद्रात आली. सामान म्हणजे थर्मास, शाल आणि एक कुंडी. अठराशे तक्ते तिथून हलले होते. कुठं गेले, हे विचारायचं तिला आता कारण नव्हतं. ट्रॉफी तेवढी रिकाम्या टेबलावर उभी होती.

हॉल तिकीट घेऊन रत्नमाला तिला शोधत तिथं आली. पद्मजानं आधीच तिच्यासाठी हॉस्टेलच्या खाटेची शिफारस करून ठेवली होती, पदावरची तिची ती शेवटची सही. ते पत्र तिनं मुलीच्या हातात दिलं. मुलीनं ते दोनदा वाचलं, घडी करून सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

“बस,” पद्मजा म्हणाली. दोघी समोरासमोर बसल्या. पद्मजाला घाई नव्हती, कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. “आता सांग. कसं चाललंय तुझं?”

रत्नमालानं चटकन सॅकच्या बाजूच्या खणातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि टेबलावर इकडंतिकडं बघितलं.

“सही कुठं करू, मॅडम?”

पद्मजानं हात लांब करून मुलीच्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि परत तिच्यापुढं ठेवलं.

“कुठंच नाही,” ती म्हणाली. “नुसतं सांग.”

मुलीनं गोंधळून पेन सॅकच्या खणात परत ठेवलं. मग म्हणाली, “मावशीच्या लेकीला मुलगी झाली,” आणि सांगायला लागली.