वरच्या आळीला उठवणारी फळी

"ऊठ गं फळीबाई. तू उठलीस की मग आळी उठेल."

गेझा रोज पहाटे असं म्हणायचा, थंडीने आखडलेले तळवे एकमेकांवर चोळायचा आणि मग दोन्ही लाकडी हातोडे उचलायचा. तेव्हा त्याचा आवाज कोवळा होता.

मित्रांनो, मी एक जुनी मॅपलची फळी आहे. बान्स्का श्त्यावनित्सा या खाणींच्या गावात, चढावरच्या मनोऱ्यात, दोन साखळ्यांना टांगलेली. डोंगरातल्या गारठ्यात हळूहळू वाढले, म्हणून अंगात आवाज मुरला. सुताराने मला तासलं, टिचकी मारून कान लावला नि म्हणाला, "ही बोलेल."

मी बोलले. माझ्या ठोक्यांवर चुली पेटल्या, बुटांच्या नाड्या आवळल्या गेल्या, उतारावरून दिवे ओघळत खाणीच्या तोंडाशी गेले. पुढे घड्याळं आली, भोंगा आला, तरी वरच्या आळीतली माणसं माझ्याच हाकेला उठत. खाणीत कोणी दगावलं, की मला सावकाश ठोकत. मग बायका दारात येऊन उभ्या राहत. कोण गेलं, हे विचारायला एकीचीही जीभ रेटत नसे.

ओतिलियाच्या नवऱ्यासाठी, ब्लाजेयसाठी, मी अशीच सावकाश वाजले. तो गेझाचा सख्खा शेजारी. दोन घरांच्या मध्ये एक आलुबुखाराचं झाड तेवढं. दफन झाल्यावर ओतिलिया गेझाला एवढंच म्हणाली, "तूच बोलावलंस त्याला." त्यानंतर चाळीस वर्षं अबोला. आलुबुखारं दोन्ही अंगणांत पडत, दोघं आपापली वेचत. गेझा ठोके देत राहिला, पण मला हाक मारेनासा झाला. तिने एकदा बोलावं, मग शिव्या का देईना, एवढीच त्याची आस होती.

खाणी बंद पडल्या. माझ्या पायाशी चहाचं दुकान निघालं. खाणकामगारांच्या घरांना रंग लागले, शनिवार-रविवार राजधानीतली माणसं तिथे मुक्कामाला येऊ लागली. आता मला पाहुण्यांसाठी ठोकतात. कोणी फोटो काढतं, कोणी "गजर बंद करा की" म्हणून हसतं. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, जुन्या वस्तूवरची धूळ झटकाल, तेव्हा तिच्या हाकेला कोण उठलं, कोण परतलं नाही, तेही विचारत जा.

यंदा माझ्या अंगात आरपार भेग गेली. सोमवारी इथे नवी फळी येणार. शेवटचे ठोके द्यायला गेझा आला, खाणकामगाराचा काळा डगला घालून. मागोमाग जिन्यात काठीचा आवाज आला.

"गुंड्या तरी नीट लाव," ओतिलिया म्हणाली.

गेझाचा हातोडा हवेतच राहिला. "चाळीस वर्षांनी बोललीस, ती गुंड्यांवरून?"

"मग काय, भाषण करू?" ती धापा टाकत पायरीवर टेकली. "ही फळी निघाली, की माझ्याने सांगवायचं नाही."

"ओतिलिया, त्या पहाटे मी ठोके दिलेच नसते तर…"

"गप. ऐक आधी." तिने काठी मांडीवर आडवी घेतली. काठीची मूठ पुसली. "तुझे ठोके त्याच्या कानावर गेलेच नव्हते. गाढ झोपला होता. मी पांघरूण ओढलं, गेझा. ऊठ, उशीर होईल, म्हणाले. त्याला मी उठवलं."